आठ वाजून सोळा मिनिटं

"शेवटचं ठणठणीत कधी पाहिलंत यांना?" डॉक्टर च्वांग यांनी विचारलं.

 हा प्रश्न येणार हे ल्वो श्यूफंगला रुग्णवाहिकेत बसल्यापासून ठाऊक होतं, आणि आपल्यापाशी धड उत्तर नाही हेही ठाऊक होतं.

"काल दुपारी. एक वाजता मी निघाले तेव्हा."

"काल दुपारी?" डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "आज सकाळी घरात कुणीच नव्हतं?"

"घरात आजी आणि सहा कोंबड्या. कोंबड्यांना विचारता येत असेल तर विचारा."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. श्यूफंगचं हे असंच होतं. घाबरली की तिचा सूर चढायचा. मग समोर डॉक्टर असो, नाहीतर पोलीस. वय चोपन्न, अंगात संस्थेचा फिकट निळा अंगरखा, पायात रबरी चपला. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जायचं, त्यांना आंघोळ घालायची, खाऊ घालायचं, गोळ्या द्यायच्या आणि त्यांच्या शिव्या खायच्या, हे तिचं काम. दिवसाला चार घरं, सगळी डोंगरउतारावर विखुरलेली, आणि ती आपली स्कूटरवरून वर-खाली करत असायची. फान आजींचं घर तिसरं. अकरा वाजताचं.

आज अकराला तिने नेहमीसारखी दारातूनच हाक मारली, तर उत्तर आलं नाही. आजी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला, शेजारी फोन. डोळे मात्र टक्क उघडे. श्यूफंगला पाहून त्या काहीतरी सांगायला गेल्या आणि तोंडातून नुसतंच "आ... आ" निघालं.  श्यूफंगचे हात थांबले नाहीत. मिनिटभरात तिने रुग्णवाहिका बोलावली, आजींना कुशीवर वळवलं, फोन आपल्या खिशात टाकला, आणि अकरा पस्तीसला त्या दोघी इथे, जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचल्या होत्या.

"हे बघा ताई," डॉक्टर म्हणाले. तैपेईहून शिकून आलेले तरुण गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. "डोक्याचा फोटो काढलाय. रक्तस्राव नाही, गुठळी आहे. गुठळी विरघळवायचं औषध आमच्याकडे आहे. पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झटका कधी आला ते माहीत नसेल, तर माणूस शेवटचं धड कधी होतं तिथपासून मोजायचं. काल दुपारपासून मोजलं तर..." त्यांनी दोन्ही हात पसरले.

"आणि उशिरा दिलं तर?"

"डोक्यात रक्तस्राव होईल. माणूस दगावू शकतो. उपकार करायला जाऊन जीव घ्यायचा, असं होईल ते."

"आणि दिलंच नाही तर?"

"जेवढं आपोआप परत येईल तेवढं. हात, बोलणं... सांगता येत नाही."

ते श्यूफंगला सांगायची गरज नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिची सासू अशीच सापडली होती, मोरीपाशी. तेव्हाही एका डॉक्टरने हाच प्रश्न विचारला होता. श्यूफंग पहाटे सहाला कापड गिरणीत गेलेली, नवरा रात्रपाळी करून आत झोपलेला. "सकाळी कधीतरी," एवढंच दोघांनी सांगितलं होतं. सकाळी कधीतरी! तेवढ्या उत्तरावर औषध मिळत नाही. त्यानंतर सासू सहा वर्षं अंथरुणावर होती, तोंडातून एक शब्द नाही. श्यूफंगने तिला सहा वर्षं कूस बदलून दिली, पेज भरवली, आणि रोज तिच्या डोळ्यांत पाहिलं. काय सांगायचं होतं त्या बाईला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती गेल्यावर श्यूफंगने गिरणी सोडली आणि हे काम शिकून घेतलं. लोक म्हणाले, सहा वर्षं केलंस ते पुरे नाही झालं का?  पण त्या डॉक्टरचा प्रश्न तिच्या मनातून एक दिवसही गेला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

आणि एकदम तिला खिशातल्या फोनची आठवण झाली. स्वतःच्या कपाळावर हात मारून घेत तिने तो बाहेर काढला. "डॉक्टर! थांबा, जाऊ नका. आजी रोज मुलाला निरोप पाठवतात. आजही पाठवले असतील."

आजींच्या फोनला कुलूप नव्हतं. चोरायला कोण येणार, कोंबड्या? असं त्यांचं म्हणणं. श्यूफंगने वनहोंगच्या, म्हणजे आजींच्या एकुलत्या एका मुलाच्या, नावावर बोट ठेवलं. पडद्यावर सगळ्यात वर बारीक अक्षरांत लिहिलेलं: आज, सकाळी ७:०२. त्याखाली रोजचं ते चित्र, गुलाबी कमळ, वर 'शुभ प्रभात', खाली 'नाश्ता पोटभर करा'. त्याखाली एकाखाली एक ओळी होत्या.

'नवी चप्पल घातली. चावत नाही.'

'तांबडी कोंबडी पुन्हा शेजाऱ्याच्या मळ्यात गेली. तिला आपलं घर आवडत नाही. तुझ्यासारखीच.'

'वारा छान सुटलाय. वाळत घातलेली पर्सिमनची फळं उलटून येते. दुपारी नीट जेव.'

आणि मग दोन निरोप असे: 'एक एक दहा'. 'एक दहा एक एक'.

"हे काय?" डॉक्टर पुढे वाकले.

"आजी बोटाने लिहितात," श्यूफंग म्हणाली. "पडद्यावर अक्षर काढायचं, मग फोन ओळखतो. या नुसत्या रेघा आहेत, डॉक्टर. आडवी रेघ झाली तर फोनला वाटतं 'एक'. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर 'दहा'. हात चालत नव्हता त्यांचा."

चिनी लिपीत 'एक' म्हणजे नुसती आडवी रेघ, आणि 'दहा' म्हणजे आडव्या-उभ्या रेघांची फुली. डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना पटलं होतं. पण पुढच्याच क्षणी त्यांचं बोट वरच्या वेळेकडे गेलं आणि चेहरा उतरला. "सात वाजून दोन. म्हणजे सातलाच हात गेला होता."

शेजारी उभ्या असलेल्या नर्सने बोटांवर मोजलं. "अकरा बत्तीसला मुदत संपली. या दारातून आत आल्या अकरा पस्तीसला." तिचाही आवाज पडला. "तीन मिनिटांनी हुकलं हो, ताई."

 तीन मिनिटं. उतारावरच्या वळणावर भाजीचा ट्रक आडवा आला होता, तिथे गेली असतील तीन मिनिटं. श्यूफंग खाटेकडे वळली. आजी तिच्याकडेच पाहत होत्या, आणि डोळे अगदी सासूचे डोळे होते.

पण त्याच वेळी तिच्या डोक्यात काहीतरी खटकलं.

"नाही," ती म्हणाली.

"ताई, मला वाईट वाटतंय, पण—"

"नाही म्हणजे नाही! तुम्ही आजींना लिहिताना पाहिलंय का कधी? मी पाहिलंय. चष्मा पुसतात, बोट पुसतात, एक अक्षर काढतात, मान तिरकी करून बघतात. रेघ वाकडी आली की पुसून परत. त्यांचे वडील शाळामास्तर होते. एक ओळ होईपर्यंत माझा चहा गार होतो. आणि तुम्ही म्हणताय, चित्र, तीन ओळी आणि ह्या रेघा, सगळं सात वाजून दोन मिनिटांनी? एका मिनिटात? मला तरी जमेल का?"

"पण वेळ तर तीच दिसतेय."

"ती पहिल्या निरोपाची. बाकीच्यांची फोन दाखवत नाही. लपवून ठेवतो मेला."

हे तिला कसं ठाऊक, तर तिच्या संस्थेमुळे. प्रत्येक घरी पोचलं की 'आले' आणि निघालं की 'निघते' असा निरोप वरच्या बाईंना पाठवावा लागे. गेल्या वर्षी त्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं: तुझं 'आले' आणि 'निघते' एकाच वेळेचं दिसतंय, घरात पाऊल तरी टाकतेस की नाही? श्यूफंगने तेव्हा अख्खा रविवार फोनशी झटापट करून ती युक्ती शोधून काढली होती, आणि सोमवारी त्यांच्या टेबलावर फोन आपटून दाखवली होती. बाईंनी माफी मागितली नाही. पण पुन्हा विचारलंही नाही.

तिने आजींचा फोन डाव्या हातात धरला आणि निरोपांवर बोट ठेवून सगळा पडदा डावीकडे ओढला.

काही झालं नाही.

पुन्हा ओढला. पडदा ढिम्म. अकरा वर्षं पाण्यात आणि साबणात राहिलेलं बोट, टोकाला चिरा पडलेलं. तिच्या स्वतःच्या फोनलाही ते दहातून पाचदा कळत नसे. तिने बोट अंगरख्याला खसाखसा पुसलं, तोंडाशी नेऊन त्यावर श्वास सोडला.

"मी करू का?" नर्सने हात पुढे केला.

"थांब गं पोरी."

तिसऱ्या वेळी निरोप सरकले. सगळे एकदम, बाजूला सारल्यासारखे डावीकडे झाले, आणि उजव्या काठाला करड्या रंगात एकेकाची वेळ उभी राहिली. ७:०२. ७:२४. ७:५१.

८:१६.

मग ८:४१, आणि ८:४३.

"वाचा!" श्यूफंग ओरडलीच. "लवकर वाचा. बोट सुटलं की परत गडप होतात."

डॉक्टरांनी चष्मा वर सरकवला. "वारा छान सुटलाय... पर्सिमन उलटून येते... आठ सोळा." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, फोनच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्हींत बारा वाजून चौदा. "हे त्यांनीच लिहिलंय? दुसऱ्या कुणी नाही?"

"मुलाला कोंबडीची उपमा दुसरं कोण देणार?"

"बोटाने? उजव्या हाताने?"

"डाव्याने त्या चमचासुद्धा धरत नाहीत."

"आठ सोळाला हात धड, वाक्य धड," डॉक्टर स्वतःशीच बोलले. "बारा सेहेचाळीसपर्यंत वेळ आहे." मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "औषध काढा! वजन घ्या, रक्तदाब बघा, आत्ता! ताई, बोट तसंच ठेवा, मी फोटो काढतो."

श्यूफंगने बोट तसंच ठेवलं. 

मग पुढचा घोळ उपटला. सही. हे औषध धोक्याचं, घरच्यांची संमती हवी. वनहोंग शिनचू शहरात, फोन-संगणकांच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. तिथे आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा आणि फोन बाहेर कपाटात ठेवायचा. श्यूफंगने रुग्णवाहिकेतूनच कारखान्याच्या कचेरीत कळवलं होतं. "निरोप आत पोचवतो," एवढंच उत्तर आलं होतं.

"जवळचं दुसरं कुणी?" डॉक्टरांनी विचारलं. "नातं नसलं तरी रोजचा संबंध असलेल्या माणसाची सहीसुद्धा कायद्याने चालते."

"मी करते."

नर्सने तिच्या निळ्या अंगरख्याकडे पाहिलं. "ताई, तुमच्या संस्थेत चालतं का ते? माझी मावशी याच कामात आहे. म्हाताऱ्यांच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही, असा नियम आहे म्हणते."

"आहे."

"नोकरी जाईल तुमची."

"ते माझं मी बघेन. धोका काय आहे, तो सांगा मला, आणि पेन द्या."

डॉक्टरांनी सांगितलं. शंभरात सहा जणांच्या डोक्यात रक्तस्राव होतो. श्यूफंगने नीट ऐकलं, दोनदा ऐकलं. मग ती आजींच्या कानाशी वाकली. "आजी, औषध देतायत. धोका आहे, पण मी हो म्हणतेय. नको असेल तर डोळे मिटा."

आजींनी डोळे सताड उघडे ठेवले. इतके, की नर्सला हसू आलं.

श्यूफंगने सही केली. त्याच्या खालच्या रकान्यात 'रुग्णाशी नातं' असं छापलेलं होतं. ती क्षणभर थांबली आणि तिने लिहिलं: रोज येणारी.

"असं नातं नसतं हो," नर्स म्हणाली.

"आता आहे."

बारा वाजून एकतीस मिनिटांनी औषध आजींच्या शिरेत गेलं. पंधरा मिनिटं हाताशी ठेवून. श्यूफंग बाहेरच्या बाकावर येऊन बसली आणि ढसाढसा रडली. कशासाठी, तर दोघींसाठी. जी आत होती तिच्यासाठी, आणि जिला ही पंधरा मिनिटं कधी मिळालीच नाहीत तिच्यासाठी. येणारे-जाणारे पाहत होते. पाहू देत.

अडीच वाजता वनहोंग धावत आला. चाळिशीचा माणूस, कपाळावर आणि गालांवर मास्कचे लाल वळ तसेच. "आई?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"आत आहे. औषध दिलंय. आता वाट बघायची," श्यूफंगने सांगितलं, आणि मग सगळं पहिल्यापासून सांगितलं.

तो बाकावर मटकन बसला. मग त्याने खिशातून आपला फोन काढला. "मी ही चित्रं उघडतच नाही, ताई. ढीग साचलाय. कमळं, सूर्य, मांजरी. कारखान्यात सगळ्यांच्या आया पाठवतात." त्याने मान खाली घातली. "आणि खरं सांगू, मला वाटायचं आईचं डोकं फिरत चाललंय. मधूनच संध्याकाळी साडेसहाला 'शुभ प्रभात' यायचं."

"रात्रपाळीला तू किती वाजता उठतोस?"

"संध्याकाळी साडे—" तो थांबला.

"स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुझ्या सगळ्या पाळ्या लिहिल्यात. दोन दिवस काम, दोन दिवस सुट्टी, महिना बदलला की दिवसाची रात्र. लाल पेनने. मलाच करून द्यायला लावतात दर महिन्याला, आणि चुकलं की बोलतात."

 वनहोंगने एक जुना महिना उघडला आणि तो खाली खाली बघत गेला. सकाळी सात. सकाळी सात तीन. मग एका तारखेपासून संध्याकाळ. तो उठायच्या वेळेला आईचं चित्र हजर असायचं, रात्रपाळीच्या महिन्यातसुद्धा. त्याने फोन छातीशी धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. श्यूफंगने त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या, चार घरच्या म्हाताऱ्यांना मारते तशा.

चारच्या सुमारास डॉक्टर च्वांग यांनी दोघांना आत बोलावलं. आजींचं तोंड जवळजवळ सरळ झालं होतं. उशीवरून त्या छताकडे रागाने पाहत होत्या, आणि आजींचा राग दिसला म्हणजे बरंच काही परत आलं होतं.

"माझी बोटं दाबा बघू. उजव्या हाताने," डॉक्टर म्हणाले.

आजींनी दाबली. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या आणि हात सोडवून झटकला. "पुरे, पुरे! हाताने काय करता हो तुम्ही?"

"पर्सिमनची फळं सोलतात," वनहोंग म्हणाला.  "रोज तीनशे."

"आता बोलायचं," डॉक्टरांनी कागद मांडीवर घेतला. "घाई नाही. हे कोण उभे आहेत?"

आजींनी मुलाकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. "ले... लेक." आणि थोड्या वेळाने, जड जिभेने, "वाळलाय."

वनहोंग हसला की रडला ते त्यालाही कळलं नसेल.

"छान. आणि ह्या कोण?"

डॉक्टरांनी पेन श्यूफंगकडे रोखलं.  चार वर्षं ती त्या घरात जात होती, पण आजींनी तिला नावाने एकदाही हाक मारलेली नव्हती. 'अगं ए', 'उशिरा आलीस', 'मीठ कमी आहे', एवढंच. नाव त्यांना ठाऊक तरी होतं की नाही, देव जाणे. परीक्षेत नेमका हाच प्रश्न यावा? तिला वाटलं डॉक्टरांना सांगावं, हे नका विचारू, दुसरं काहीतरी विचारा, खिडकी विचारा, पाणी विचारा.

आजी तिच्याकडे पाहत राहिल्या. घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. आजींनी ओठ ओले केले, मान जराशी तिरकी केली.

"ल्वो," त्या म्हणाल्या.

मग दम घेतला.

"श्यू. फंग."

 श्यूफंग हात पुढे बांधून उभी होती, ते तिने सोडले आणि ती ताठ उभी राहिली.

"पुन्हा एकदा सांगता का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"सांगितलं ना," आजी म्हणाल्या. "लिहून घे."

डॉक्टरांनी कागदावर ते नाव लिहिलं, आणि त्याच्यापुढे वेळ.